नव्या यंत्रावर फाइल सर्व्हर आणि क्लस्टर हलवताना : नवख्या प्रशासकांसाठी कामाचा क्रम

फाइल सर्व्हर बदलण्याची वेळ बहुधा दोन कारणांनी येते. एकतर यंत्राची वॉरंटी संपून सुटे भाग मिळेनासे होतात, नाहीतर त्यावरील विंडोज सर्व्हरच्या आवृत्तीचा सपोर्ट संपतो. विंडोज सर्व्हर २०१२ आणि २०१२ आर-२ या आवृत्त्यांची मुदत १० ऑक्टोबर २०२३ रोजी संपली आणि २०१६ या आवृत्तीसाठी १२ जानेवारी २०२७ ही तारीख ठरलेली आहे. कार्यालयात नव्याने रुजू झालेल्या प्रशासकाच्या वाट्याला हे काम येते तेव्हा त्याचे सारे लक्ष ‘एवढा डेटा कॉपी कसा करायचा’ या प्रश्नाकडे असते. वास्तविक नक्कल हा या कामातला सर्वांत सोपा भाग आहे. काम अडते ते सर्व्हरचे नाव, फोल्डरवरील परवानग्या आणि त्या नावावर विसंबून असलेली, कोणाच्या लक्षातही नसलेली उपकरणे यांच्यापाशी, आणि म्हणून पुढे नकलेपेक्षा याच गोष्टींना अधिक जागा दिली आहे.

येथे डोळ्यांसमोर धरलेली मांडणी अशी आहे : अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीचे एक डोमेन (सर्व वापरकर्ते आणि संगणक यांची एकत्रित नोंद ठेवणारी व्यवस्था), शंभर-दोनशे वापरकर्ते, विंडोज सर्व्हर २०१२ आर-२ वर चालणारा एक फाइल सर्व्हर किंवा दोन नोडचा (म्हणजे दोन यंत्रांचा) फेलओव्हर क्लस्टर, ज्यात एक यंत्र बंद पडले तर दुसरे त्याचे काम उचलते, आणि त्याच्या जागी येणारी, २०२२ ही आवृत्ती घातलेली नवी यंत्रे. लिनक्स किंवा नॅसवर (नेटवर्कला जोडलेल्या तयार साठवण-यंत्रावर) जाणाऱ्यांसाठी शेवटाकडे एक स्वतंत्र भाग आहे. आज्ञा आणि त्यांचे स्विच (आज्ञेला जोडायचे पर्याय) देवनागरीत लिहिले असले तरी टाइप करताना ते अर्थातच रोमन अक्षरांत करावेत. ‘/एमआयआर’ म्हणजे एम, आय आणि आर ही तीन अक्षरे.

पहिली पायरी : कोण कोण विसंबून आहे याची यादी

जुन्या सर्व्हरवर पॉवरशेल उघडून ‘गेट-एसएमबीशेअर’ ही आज्ञा दिली की शेअरची, म्हणजे नेटवर्कवर खुल्या केलेल्या फोल्डरची, यादी मिळते, ‘गेट-एसएमबीसेशन’ने त्या क्षणी कोण जोडलेले आहे ते दिसते आणि ‘गेट-एसएमबीओपनफाइल’ने कोणत्या फाइल उघड्या आहेत ते कळते. ही नोंद एकदाच घेऊन भागत नाही. महिनाअखेरीस पगारपत्रक काढणारा प्रोग्राम किंवा तिमाहीला एकदा चालणारे ऑडिटचे काम एखाद्या मंगळवारी दुपारी घेतलेल्या यादीत दिसणार नाही. म्हणून दर तासाला ही माहिती एका फाइलमध्ये साठवणारे शेड्यूल्ड टास्क निदान एक पूर्ण महिना चालू ठेवावे आणि त्यात मार्चअखेर किंवा तिमाहीअखेर सापडली तर उत्तमच.

या यादीतून जी नावे वर येतात त्यांत माणसांपेक्षा यंत्रांकडे अधिक लक्ष द्यावे. कोपऱ्यातले झेरॉक्स-स्कॅनर एकत्र असलेले मशीन ‘स्कॅन टू फोल्डर’ने थेट सर्व्हरवर फाइल टाकत असते, आणि ते बसवणाऱ्या तंत्रज्ञाने त्यात सर्व्हरचे नाव न घालता आयपी पत्ता घातलेला असण्याची दाट शक्यता असते. अशी जुनी मशीन बऱ्याचदा फक्त एसएमबी १ (विंडोजच्या फाइल-शेअरिंगच्या प्रोटोकॉलची पहिली आवृत्ती) जाणतात. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय पसरले ते याच एसएमबी १ मधील त्रुटीतून, आणि त्याच वर्षापासून मायक्रोसॉफ्टने ते विंडोजमध्ये मुळात बसवूनच देणे थांबवले. त्यामुळे नव्या सर्व्हरवर ते मशीन जोडले जाणार नाही. त्याच्यासाठी सबंध सर्व्हरवर एसएमबी १ चालू करण्यापेक्षा मशीनचे फर्मवेअर अद्ययावत करावे, आणि ते शक्य नसेल तर स्कॅन ईमेलने किंवा एफटीपीने एखाद्या वेगळ्या जागी उतरवून घ्यावेत.

टॅली वापरणाऱ्या कार्यालयात डेटा फोल्डरचा मार्ग प्रत्येक संगणकावरील ‘टॅली.आयएनआय’ या फाइलमध्ये लिहिलेला असतो. एक्सेलच्या एका फाइलमधून दुसरीत दिलेल्या लिंक, डेस्कटॉपवरील शॉर्टकट, लॉगऑन स्क्रिप्ट, ग्रूप पॉलिसीतून जोडलेली ड्राइव्हची अक्षरे, लॅपटॉपवरील ऑफलाइन फाइल्स, या साऱ्यांत जुने नाव कोरलेले असते. यांपैकी काय काय बदलावे लागेल हे नाव टिकवायचे की नाही यावर ठरते. तो निर्णय तिसऱ्या पायरीत आहे.

परवानग्यांची तपासणी याच टप्प्यावर उरकावी. फोल्डरवर डोमेनमधील गटांना परवानगी दिलेली असेल तर ती नव्या सर्व्हरवर जशीच्या तशी लागू होते. परंतु पूर्वीच्या एखाद्या प्रशासकाने जुन्या सर्व्हरवरच ‘लेखा विभाग’ असा स्थानिक गट तयार करून त्याला परवानगी दिली असेल, तर त्या गटाचा एसआयडी (अंतर्गत ओळख-क्रमांक) फक्त त्या यंत्रापुरता खरा असतो. नव्या सर्व्हरवर परवानगीच्या खिडकीत गटाच्या नावाऐवजी ‘एस-१-५-२१’ने सुरू होणारी आकड्यांची लांब माळ दिसते आणि त्या गटातील एकालाही फोल्डर उघडत नाही. ‘आयकॅकल्स’ या आज्ञेने सर्व परवानग्या मजकुराच्या फाइलमध्ये काढून जुन्या सर्व्हरच्या नावाने सुरू होणारे गट शोधावेत, तसेच गट डोमेनमध्ये तयार करावेत आणि परवानगी त्यांना आधी जुन्याच सर्व्हरवर द्यावी. आठवडाभर सारे सुरळीत चालले की मगच पुढे जावे. ‘बिल्टइन अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स’सारख्या गटांचा एसआयडी प्रत्येक विंडोज यंत्रावर सारखाच असल्यामुळे त्यांची काळजी नको.

दुसरी पायरी : नव्या यंत्राची मांडणी

यंत्राची खरेदी बहुधा दुसऱ्या कोणीतरी आधीच केलेली असते, त्यामुळे प्रोसेसर आणि रॅम यांवर येथे शब्द खर्च करत नाही. फाइल सर्व्हरला ती दोन्ही बहुतेक वेळा पुरून उरतात.

मात्र व्हॉल्यूम फॉरमॅट करताना घेतलेला एक निर्णय पुढची अनेक वर्षे पाठ सोडत नाही. एनटीएफएसमध्ये (विंडोजच्या फाइल सिस्टिममध्ये) ४ केबीचे अ‍ॅलोकेशन युनिट (डिस्कवरील जागा वाटण्याचे सर्वांत लहान माप) ठेवले तर तो व्हॉल्यूम १६ टीबीच्या पुढे वाढवता येत नाही, आणि हा आकार नंतर बदलायचा तर पुन्हा फॉरमॅट करण्यावाचून सोपा मार्ग नसतो. ६४ केबी ठेवल्यास मर्यादा २५६ टीबीपर्यंत जाते. मात्र एनटीएफएसचे अंगभूत कॉम्प्रेशन ४ केबीहून मोठ्या युनिटवर चालत नाही आणि लहान लहान फाइल लाखोंनी असतील तर थोडी जागा वाया जाते. आज ८ टीबी डेटा असलेल्या कार्यालयाने माझ्या मते ६४ केबीच निवडावे. मोठ्या हार्ड डिस्कवर रेड ५ (अनेक डिस्क जोडून त्यांतली एक गेली तरी डेटा वाचवणारी मांडणी) टाळावे, कारण एक डिस्क गेल्यावर पुनर्बांधणीला फार वेळ लागतो आणि तेवढ्यात दुसरी गेली तर सारेच जाते. रेड ६ किंवा रेड १० घ्यावे.

जागेचा हिशेब करताना जुन्या सर्व्हरवर डीडुप्लिकेशन (सारखा मजकूर एकदाच साठवणारी सोय) चालू आहे का ते पाहावे. ४ टीबीच्या डिस्कवर दिसणारा डेटा प्रत्यक्षात ६ टीबी असू शकतो, आणि नक्कल करताना प्रत्येक फाइल पूर्ण आकाराने बाहेर पडते. नव्या डिस्कवर सुरुवातीला तेवढी पूर्ण जागा लागेलच.

ड्राइव्हची अक्षरे आणि फोल्डरची रचना मात्र जुन्यासारखीच ठेवावी. नव्या यंत्राबरोबर फोल्डरचीही ‘नीट फेररचना’ करून टाकण्याचा मोह होतो आणि वरिष्ठही तसे सुचवतात. ते काम स्थलांतर स्थिरावल्यानंतर स्वतंत्रपणे करावे. दोन्ही एकत्र केल्यास एखादी फाइल सापडेनाशी झाली तर ती हलवताना हरवली की फेररचनेत दुसरीकडे गेली, हे सांगता येत नाही.

तिसरी पायरी : नावाचा निर्णय

तीन पर्याय आहेत. पहिला, जुन्या सर्व्हरचे नाव आणि आयपी पत्ता दोन्ही नव्याला देणे. वापरकर्त्याला काहीच बदलावे लागत नाही आणि ते स्कॅनरसुद्धा, एसएमबी १ चा प्रश्न सुटला असेल तर, चालू राहते. लहान कार्यालयासाठी हाच मार्ग योग्य वाटतो.

दुसरा, नव्या सर्व्हरला नवे नाव देऊन जुने नाव डीएनएसमध्ये (नावावरून आयपी पत्ता सांगणाऱ्या व्यवस्थेत) उपनाव म्हणून ठेवणे. येथे नवखे लोक हमखास फसतात. केवळ सीनेम (उपनावाची) नोंद केल्याने नाव सापडते खरे, परंतु त्या नावाचा एसपीएन (कोणत्या नावाची सेवा कोणाची हे सांगणारी नोंद) संगणकाच्या खात्यावर नोंदलेला नसेल तर करबेरॉस ही ओळख पटवण्याची पद्धत चालत नाही आणि ते काम जुन्या एनटीएलएम पद्धतीवर जाते. एनटीएलएम बंद केलेल्या डोमेनमध्ये मग सरळ प्रवेश नाकारला जातो. ‘नेटडॉम कॉम्प्युटरनेम’ या आज्ञेच्या ‘/अ‍ॅड’ स्विचने पर्यायी नाव दिल्यास डीएनएस आणि एसपीएन या दोन्ही नोंदी एकदम होतात, म्हणून हाताने सीनेम करण्यापेक्षा ती वापरावी. मात्र जुन्या संगणकाचे खाते त्या नावाने डोमेनमध्ये शिल्लक असेल तर दोघांत तंटा होतो. त्याचे नाव आधी बदलावे लागते.

तिसरा, डोमेनवर आधारित डीएफएस नेमस्पेस. यात वापरकर्त्याला डोमेनच्या नावाने सुरू होणारा मार्ग दिसतो आणि खरा सर्व्हर पडद्याआड राहतो, त्यामुळे पुढच्या वेळी सर्व्हर बदलताना फक्त टार्गेट बदलावे लागते. मोठ्या कार्यालयाने नेमस्पेस जुना सर्व्हर चालू असतानाच, स्थलांतराच्या काही महिने आधी उभारून लोकांना तिकडे वळवावे. फोल्डरचे रेफरल (खरा सर्व्हर कोणता याचे उत्तर) संगणकाकडे मुळात १८०० सेकंद साठवलेले राहते, हे लक्षात ठेवून बदलाच्या दिवसाआधी ती वेळ कमी करावी.

चौथी पायरी : नक्कल

आधी गणित. १ गिगाबिटच्या नेटवर्कवर मोठ्या फाइलचा वेग फार तर सेकंदाला ११० एमबीच्या आसपास जातो; त्या वेगाने १० टीबी डेटाला सुमारे २५ तास लागतील. लहान फाइलचा वेग याच्या कितीतरी खाली येतो, कारण प्रत्येक फाइल उघडणे, तिच्या परवानग्या लिहिणे आणि बंद करणे यातच वेळ जातो. म्हणून एक संपूर्ण नक्कल जुना सर्व्हर वापरात असतानाच, पण रात्री किंवा शनिवार-रविवारी करून घ्यावी, त्यानंतर रोज रात्री फक्त बदललेल्या फाइल आणाव्यात, आणि शेवटच्या दिवशी उरलेला थोडा फरक तेवढा राहू द्यावा.

विंडोजमध्ये या कामासाठी रोबोकॉपी आहे. नव्या सर्व्हरवर प्रशासकाच्या अधिकाराने कमांड प्रॉम्प्ट उघडून, जुन्या सर्व्हरच्या ‘डी$’ या प्रशासकीय शेअरवरून एकेक फोल्डर ओढून घ्यावा. लागणारे स्विच असे :

‘/एमआयआर’ : उगमस्थानासारखीच हुबेहूब प्रत करते, म्हणजे उगमस्थानी नसलेली फाइल नव्या ठिकाणावरून पुसूनही टाकते.
‘/कॉपीऑल’ : मजकुरासोबत गुणधर्म, वेळा, परवानग्या, मालकी आणि ऑडिटची माहितीही आणते.
‘/डीकॉपी:डीएटी’ : फोल्डरच्या मूळ तारखा टिकवते.
‘/बी’ : प्रशासकालाही परवानगी नसलेले फोल्डर बॅकअपच्या हक्काने वाचते.
‘/आर:१’ आणि ‘/डब्ल्यू:१’ : अडलेल्या फाइलसाठी एकदाच, एक सेकंद थांबून पुन्हा प्रयत्न करते.
‘/एमटी:१६’ : एकाच वेळी सोळा धाग्यांनी काम करते.
‘/एक्सजे’ : जंक्शनमध्ये (दुसऱ्या फोल्डरकडे नेणाऱ्या दुव्यात) शिरत नाही.
‘/लॉग’ : पुढे दिलेल्या फाइलमध्ये सारी नोंद ठेवते.

‘/आर’ आणि ‘/डब्ल्यू’ विसरल्यास काय होते ते सांगायला हवे. रोबोकॉपी मुळात एका फाइलसाठी दहा लाख वेळा प्रयत्न करते आणि प्रत्येक वेळी तीस सेकंद थांबते. कोणी रात्रभर एक्सेलची फाइल उघडी ठेवून गेले असेल तर सकाळी येऊन पाहावे तो नक्कल त्याच फाइलपाशी अडलेली असते.

‘/एमआयआर’ जितके उपयोगी तितकेच धोक्याचे आहे. उगम आणि गंतव्य यांची अदलाबदल झाली तर ते रिकाम्या फोल्डरसारखे करण्यासाठी भरलेला फोल्डर पुसून टाकील. प्रत्येक नवी आज्ञा पहिल्यांदा ‘/एल’ जोडून चालवावी. त्याने प्रत्यक्षात काही न करता काय केले असते याची फक्त यादी मिळते. त्या यादीत ‘एक्स्ट्रा’ या शीर्षकाखाली अनपेक्षित नावे दिसली तर तिथेच थांबावे.

सबंध ड्राइव्हच्या मुळापासून नक्कल करू नये. ड्राइव्हच्या मुळाला ‘हिडन’ आणि ‘सिस्टिम’ हे गुणधर्म असतात. ते गंतव्य फोल्डरला चिकटतात आणि नक्कल पूर्ण होऊनही फोल्डर एक्स्प्लोररमध्ये दिसतच नाही. डेटा गेला असे समजून लोक नक्कल पुन्हा सुरू करतात. तसे झालेच तर ‘अ‍ॅट्रिब’ने ते दोन गुणधर्म काढले की फोल्डर परत दिसू लागतो.

आणखी एक बारकावा. एखाद्या फाइलचा मजकूर न बदलता फक्त परवानगी बदलली असेल तर रोबोकॉपी ती फाइल ‘तीच आहे’ असे मानून वगळते आणि नवी परवानगी येत नाही. यासाठी शेवटच्या फेरीत ‘/सेकफिक्स’ जोडावे, म्हणजे वगळलेल्या फाइलच्या परवानग्याही दुरुस्त होतात. काम संपल्यावर मिळणारा निर्गम क्रमांक ८ पेक्षा कमी असेल तर नक्कल यशस्वी समजावी. शेड्यूल्ड टास्कमध्ये १ किंवा ३ दिसले म्हणून घाबरू नये, कारण १ म्हणजे फाइल आल्या आणि ३ म्हणजे त्यासोबत गंतव्यावर काही जादा फाइलही आढळल्या. ८ किंवा अधिक आल्यास लॉगमध्ये ‘एरर’ हा शब्द शोधावा.

हे सारे हाताने करायचे नसेल तर विंडोज सर्व्हर २०१९ पासून स्टोरेज मायग्रेशन सर्व्हिस ही सोय आहे. ती विंडोज अ‍ॅडमिन सेंटरमधून चालते आणि यादी, नक्कल व कटओव्हर (जुन्यावरून नव्यावर प्रत्यक्ष बदल) अशा तीन टप्प्यांत काम करते. शेवटच्या टप्प्यात जुन्याचे नाव व आयपी पत्ता नव्याला देऊन जुन्या सर्व्हरला वेगळेच नाव देते. शेअर, त्यांच्या परवानग्या आणि स्थानिक गटही ती आणते. फायरवॉलचे नियम आणि प्रशासकीय हक्क नीट असतील तर ती चांगली आहे. तरीही नवख्याने निदान एका छोट्या शेअरची नक्कल रोबोकॉपीने करून पाहावी असे मला वाटते, कारण सर्व्हिस मध्येच थांबली तर नेमके काय राहिले हे त्याशिवाय समजत नाही.

पाचवी पायरी : कटओव्हरचा दिवस

दिवस निवडताना लेखा विभागाला विचारावे. जीएसटीचे मासिक विवरण भरणाऱ्यांसाठी दर महिन्याची ११ आणि २० या तारखांच्या आसपासचे दिवस, तसेच मार्चची अखेर टाळावी. जोडून सुट्टी आलेला शनिवार बरा पडतो, मात्र हार्डवेअर कंपनीचा माणूस त्या दिवशी फोन उचलेल याची खात्री आधी करून घ्यावी.

त्या दिवशीचा क्रम असा. जुन्या सर्व्हरच्या रजिस्ट्रीत लॅनमनसर्व्हर या सेवेखाली ‘शेअर्स’ नावाची की असते. तिच्यात प्रत्येक शेअरचे नाव, मार्ग आणि शेअर पातळीवरील परवानग्या असतात. ती की सर्वांत आधी एक्स्पोर्ट करून ठेवावी. त्यानंतरच शेअरच्या परवानग्या ‘फक्त वाचन’ अशा कराव्यात. हा क्रम उलटला, म्हणजे आधी वाचनापुरत्या परवानग्या करून मग की एक्स्पोर्ट केली, तर सोमवारी नव्या सर्व्हरवर कोणालाच फाइल सेव्ह करता येणार नाही आणि कारण शोधण्यात सकाळ जाईल, कारण फोल्डरच्या परवानग्या पाहिल्या तर त्या बिनचूक दिसतात.

मग उघड्या फाइल ‘क्लोज-एसएमबीओपनफाइल’ने बंद कराव्यात, रोबोकॉपीची शेवटची फेरी ‘/सेकफिक्स’सह चालवावी, नव्या सर्व्हरवर रजिस्ट्रीची की आयात करून ‘सर्व्हर’ ही सेवा पुन्हा सुरू करावी. ड्राइव्हची अक्षरे सारखी असतील तर सर्व शेअर जागच्या जागी उभे राहतात. त्यानंतर जुन्याचे नाव बदलून, त्याला नवा आयपी पत्ता देऊन तो रीस्टार्ट करावा. बदल सर्व डोमेन कंट्रोलरपर्यंत (डोमेन चालवणाऱ्या सर्व्हरपर्यंत) पोचेतो थांबावे, आणि मगच मूळ नाव व पत्ता नव्याला द्यावा. घाई इथेच महागात पडते.

चाचणी प्रशासकाच्या खात्याने करू नये, कारण त्याला सारेच उघडते. लेखा, आस्थापना आणि भांडार अशा प्रत्येक विभागातील एका सामान्य वापरकर्त्याला बोलावून त्याने आपली फाइल उघडावी, बदल करून सेव्ह करावी आणि ज्या फोल्डरचा त्याला हक्क नाही तो उघडत नाही हेही दाखवावे.

परत फिरण्याची शेवटची वेळ आधीच कागदावर लिहून ठेवावी. सोमवारी लोकांनी नव्या सर्व्हरवर लिहायला सुरुवात केल्यानंतर जुन्याकडे जायचे म्हणजे नव्या फाइल उलट दिशेने आणाव्या लागतात. रविवारी संध्याकाळी सहापर्यंत चाचण्या पुऱ्या झाल्या नाहीत तर मागे फिरायचे, असा नियम वरिष्ठांच्या सहीने ठरलेला असावा.

क्लस्टर असेल तर

क्लस्टरमध्ये वापरकर्ते ज्या नावाने जोडले जातात ते नाव कोणत्याही एका नोडचे नसून फाइल सर्व्हरच्या रोलचे (क्लस्टर चालवत असलेल्या सेवेचे) असते. त्यामुळे नोड बदलला तरी नाव जागेवर राहते, आणि हार्डवेअर बदलणे एकट्या सर्व्हरपेक्षा सोपे होते, जर विंडोजची आवृत्ती तीच असेल तर. नव्या नोडला जुन्याच सॅनच्या (सर्व नोडना सामायिक डिस्क पुरवणाऱ्या साठवण-व्यवस्थेच्या) डिस्क दिसतील असे झोनिंग (कोणत्या यंत्राला काय दिसेल याची आखणी) करावे, दोन्ही नव्या यंत्रांवर फर्मवेअर, नेटवर्क कार्डाचे ड्रायव्हर आणि मल्टिपाथची (डिस्ककडे जाणाऱ्या एकाहून अधिक मार्गांची) मांडणी तंतोतंत सारखी ठेवावी, ‘टेस्ट-क्लस्टर’ चालवून अहवाल पाहावा आणि एकेक नोड सामील करावा. ‘टेस्ट-क्लस्टर’मधील डिस्कच्या चाचण्या डिस्क ऑफलाइन नेऊ शकतात. चालू रोलच्या डिस्क त्यातून वगळाव्यात.

दोन जुने, दोन नवे नोड आणि एक विटनेस (मत देण्यापुरती ठेवलेली डिस्क किंवा शेअर) मिळून पाच मते होतात व कोरमसाठी, म्हणजे क्लस्टर चालू राहायला लागणाऱ्या बहुमतासाठी, तीन लागतात. रोल नव्या नोडवर हलवून दोन-चार दिवस पाहावे आणि मग जुना नोड रीतसर ‘एव्हिक्ट’ करावा. नुसता बंद करून ठेवलेला नोड क्लस्टरच्या लेखी सदस्यच असतो, आणि असे बंद सदस्य साठले की पुढच्या बिघाडाच्या वेळी मतांचे गणित अनपेक्षित वळण घेते.

आवृत्तीही बदलायची असेल तर दोन रस्ते आहेत. रोलिंग अपग्रेडमध्ये (क्लस्टर चालू ठेवून एकेक नोड नवा करण्यात) एका वेळी एकच आवृत्ती पुढे जाता येते, म्हणजे २०१२ आर-२ वरून २०२२ ला जायचे तर २०१६ आणि २०१९ हे दोन्ही मुक्काम करावे लागतात. प्रत्येक मुक्कामावर सारे नोड नवे झाले की ‘अपडेट-क्लस्टरफंक्शनललेव्हल’ ही आज्ञा द्यावी लागते आणि ती दिल्यावर माघार नाही. तीन पायऱ्या चढण्यापेक्षा नवा क्लस्टर शेजारी उभारून रोल तिकडे नेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. त्यात सर्वांत नाजूक जागा आहे ती रोलच्या नावाची. त्या नावाचे एक संगणक खाते डोमेनमध्ये असते आणि त्यावर जुन्या क्लस्टरच्या खात्याचा हक्क असतो. जुना रोल ऑफलाइन करून, त्या खात्यावर नव्या क्लस्टरच्या खात्याला पूर्ण नियंत्रण द्यावे आणि खाते डिसेबल करून ठेवावे, म्हणजे नवा क्लस्टर ते आपलेसे करू शकतो. डीएनएसमधील नोंदीवरही असाच हक्क असतो. ती जुनी नोंद तशीच राहिली तर नाव ऑनलाइन येते पण जुन्याच आयपी पत्त्याकडे बोट दाखवते. नोंद पुसून नव्याने होऊ देणे हा सरळ उपाय.

सॅनही नवे असेल तर डेटा हलवण्याची एक सुबक रीत आहे. नवी डिस्क चालू क्लस्टरमध्ये, त्याच रोलमध्ये वेगळ्या अक्षराने जोडावी आणि रोबोकॉपीने एका डिस्कवरून दुसरीवर नक्कल करत राहावे. नेटवर्क मध्ये येत नसल्यामुळे हे काम झपाट्याने होते. शेवटच्या दिवशी शेअर ऑफलाइन करून अखेरची फेरी चालवावी, जुन्या ‘एफ’ डिस्कला ‘झेड’ अक्षर द्यावे, नव्या डिस्कला ‘एफ’ द्यावे आणि फाइल सर्व्हर रिसोर्सचे अवलंबन जुन्या डिस्कवरून काढून नव्या डिस्कवर लावावे. शेअरची व्याख्या मार्गावरून ओळखली जात असल्यामुळे ती आपोआप नव्या डिस्कवर लागू होते.

सॅनवरील एकच डिस्क दोन वेगळ्या क्लस्टरना किंवा क्लस्टरबाहेरच्या सर्व्हरला एकाच वेळी ऑनलाइन दिसता कामा नये. रिझर्व्हेशनचे (डिस्कवर एका वेळी कोणी लिहायचे हे राखून ठेवण्याचे) संरक्षण एका क्लस्टरच्या सदस्यांपुरते आखलेले असते. दोन स्वतंत्र यंत्रांनी एकाच एनटीएफएस व्हॉल्यूमवर लिहिले की तो काही मिनिटांत निकामी होऊ शकतो. आधी जुन्याकडून डिस्क काढावी, मगच नव्याला दाखवावी.

फेलओव्हरची चाचणी मेनूतून रोल हलवून पूर्ण होत नाही. नेटवर्कची केबल काढून पाहावी, सॅनचा एक मार्ग तोडून पाहावा. त्याच वेळी शेअरवरील ‘कंटिन्युअस अ‍ॅव्हेलेबिलिटी’ हा, फेलओव्हरच्या वेळीही उघड्या फाइल टिकवणारा, पर्याय तपासावा : क्लस्टरच्या व्यवस्थापकातून शेअर केल्यास तो आपोआप चालू असतो, डेटाबेस आणि व्हर्च्युअल मशीनसाठी तो हवाच, परंतु वर्ड-एक्सेलच्या हजारो लहान फाइल उघडणाऱ्या कार्यालयात त्याच्यामुळे वेग जाणवण्याइतका कमी होऊ शकतो.

लिनक्स किंवा नॅसवर जाताना मराठी नावांची काळजी

एनटीएफएसमध्ये फाइलच्या नावाची मर्यादा २५५ यूटीएफ-१६ एककांची आहे आणि देवनागरीतील प्रत्येक कोडपॉइंट (यूनिकोडमधील एक सुटे चिन्ह) एका एककात बसतो. ईएक्सटी-४, एक्सएफएस आणि बीटीआरएफएस या लिनक्सच्या फाइल सिस्टिमांत मात्र मर्यादा २५५ बाइटची आहे, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट तीन बाइट घेतो. म्हणजे कमाल ८५ कोडपॉइंट. त्यात ‘क्षे’ हे दिसायला एक अक्षर असले तरी क, हलन्त, ष आणि मात्रा असे चार कोडपॉइंट मिळून बारा बाइट होतात. आपल्याकडे फाइलला पत्राचा अख्खा विषय नाव म्हणून देण्याची पद्धत असल्याने ही मर्यादा सहज ओलांडली जाते. ‘सन २०२३-२४ च्या वार्षिक सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त व त्यावरील सभासदांच्या हरकती अंतिम मसुदा सुधारित’ या नावाला वर्डचा चार अक्षरी विस्तार जोडला की विंडोजच्या हिशेबाने १०३ एकके भरतात, पण लिनक्सच्या हिशेबाने २७१ बाइट. ही फाइल नव्या नॅसवर उतरणारच नाही. पॉवरशेलमध्ये प्रत्येक नावाची यूटीएफ-८ मधील लांबी मोजणारी छोटी स्क्रिप्ट चालवून अशी नावे आधीच शोधावीत आणि ज्यांच्या फाइल त्यांच्याकडूनच ती लहान करून घ्यावीत.

दुसरी गोष्ट ‘कऱ्हाड’सारख्या नावांची. यातला ‘ऱ’ हा एकच कोडपॉइंट असू शकतो, किंवा ‘र’ आणि नुक्ता (अक्षराखालचा बिंदू) असे दोन. काही कीबोर्डवरून तेच रूप ‘र’, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे हे न दिसणारे जोडचिन्ह यांच्या जोडणीने उमटते. डोळ्यांना तिन्ही सारखी, फाइल सिस्टिमला तीन वेगळी नावे. जुन्या मॅकवरील एचएफएस प्लस ही फाइल सिस्टिम नावे नुक्ता सुटा करूनच साठवत असे, त्यामुळे तिथून आलेल्या फोल्डरचे नाव विंडोजवर टाइप करून शोधले तर सापडत नाही. मॅकवरून आरसिंकने (लिनक्स आणि मॅकवरील नक्कल करणाऱ्या प्रोग्रामने) आणताना ‘--आयकॉन्व्ह’ या पर्यायात उगमाची लिपीपद्धत ‘यूटीएफ-८-मॅक’ सांगितल्यास नावे जोडरूपात येतात.

आरसिंक चालवताना ‘-ए’ सोबत एसीएल (परवानग्यांची यादी), विस्तारित गुणधर्म आणि हार्डलिंक यांचे पर्याय लावावेत आणि ‘--न्यूमेरिक-आयडीज’ विसरू नये. सांबा (लिनक्सवरून विंडोजसारखे शेअर देणारा प्रोग्राम) डोमेनशी जोडलेला असेल तर जुन्या व नव्या यंत्रावर आयडी-मॅपिंगची (विंडोजच्या एसआयडीला लिनक्सचा आकडा देण्याची) पद्धत आणि आकड्यांची श्रेणी एकच हवी. ‘टीडीबी’ पद्धतीत प्रत्येक यंत्र आपापल्या क्रमाने आकडे वाटते, त्यामुळे आकडे जसेच्या तसे नेले तर एकाच्या फाइल दुसऱ्याच्या नावावर दिसू लागतात. ‘रिड’ पद्धतीत आकडा एसआयडीवरून निघत असल्याने हा घोटाळा होत नाही.

शेवटची पायरी : जुने यंत्र

कटओव्हरनंतर त्याच रात्री नव्या सर्व्हरचा पूर्ण बॅकअप घ्यावा आणि त्यातून एक फोल्डर प्रत्यक्ष परत काढून पाहावा. जुन्या सर्व्हरवरील शॅडो कॉपी (फाइलच्या ठरावीक वेळी साठवलेल्या जुन्या प्रती) नकलेसोबत येत नाहीत. त्यांचे वेळापत्रक नव्यावर पुन्हा लावावे आणि ‘मागच्या महिन्यातली फाइल परत द्या’ असे कोणी म्हटल्यास जुने यंत्र किंवा जुना बॅकअप हाच आधार आहे हे ध्यानात ठेवावे. त्यासाठी जुने यंत्र निदान एक महिना, आणि त्या महिन्यात मार्चअखेर येत नसेल तर ती उलटेपर्यंत, वेगळ्या नावाने व फक्त वाचनाच्या परवानगीने जपून ठेवावे.

त्यानंतर डिस्क पुसाव्यात. हार्ड डिस्कवर एकदा पूर्ण ओव्हरराइट पुरेसे ठरते. एसएसडीवर मात्र तसे लिहिल्याने काही भाग मागे राहू शकतो, म्हणून उत्पादकाच्या साधनातील सिक्युअर इरेज वापरावे किंवा ती डिस्क फोडून टाकावी. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार यंत्र पुनर्प्रक्रिया करणाऱ्यासारख्या नोंदणीकृत संस्थेकडेच जायला हवे. ते देताना प्रत्येक डिस्कचा अनुक्रमांक जडवस्तू नोंदवहीत लिहून समोर पोचपावती चिकटवावी, कारण पुढच्या ऑडिटमध्ये यंत्राआधी डिस्कचीच चौकशी होते.